पिवळी पिन कुठं लावायची?

दिवाळीत देवणीला घरी गेलो होतो. माडीवरची लोखंडी पेटी आवरताना माझा जुना व्हिडिओ गेम सापडला. करडा डबा, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट आणि टोकाला तीन रंगांच्या पिना असलेली वायर. सातवीतल्या पुतण्यानं तो उचलला, धूळ पुसली आणि थेट बैठकीतल्या एलईडी टीव्हीपाशी घेऊन गेला. पाच मिनिटांत त्याची हाक आली, "काका, ह्याची पिवळी पिन कुठंच बसंना की."

टीव्ही भिंतीपासून जरा ओढून मागं पाहिलं. एचडीएमआयच्या दोन खाचा, एक यूएसबी, केबलची गोल खाच आणि हेडफोनला असतं तसं एक बारीक भोक. पिवळं, पांढरं, लाल काहीच नव्हतं. आतल्या खोलीत आईचा जुना, पिक्चर ट्यूबचा डबा टीव्ही आहे. त्याला पिवळी खाच आहे, पण ती फ्री डिशच्या बॉक्सनं अडवलेली. त्यात भाचा पुण्याहून प्लेस्टेशन 4 घेऊन आलेला. त्याला एचडीएमआयशिवाय दुसरी वाट नाही, आणि एलईडीवर संध्याकाळी मोठ्यांच्या बातम्या असल्यानं भाच्याला हवा होता तो डबा टीव्ही. म्हणजे जुना गेम नव्या टीव्हीला आणि नवा गेम जुन्या टीव्हीला, असा दोन्हीकडून पेच.

एका दुकानात विचारलं, तर "आता ते चालत नाही, जुनं झालं" एवढंच उत्तर मिळालं. ते मला पटलं नाही. गेम धड होता, दोन्ही टीव्ही धड होते. देवणी कर्नाटकाच्या सीमेवरचं गाव आहे. बाजारात मराठी, कानडी आणि दखनी एकाच पालावर ऐकू येतात, आणि भाषा जुळली नाही म्हणून माणूस मुका आहे असं कुणी म्हणत नाही. मध्ये दोन्ही भाषा येणारा कुणीतरी उभा राहतो आणि व्यवहार होतो. गेम आणि टीव्हीचंही असंच आहे. फक्त कोण कुठली भाषा बोलतंय हे आधी ओळखावं लागतं, आणि ते पडद्याकडं नीट पाहिलं तर कळतं.

आधी त्या पिवळ्या पिनेचंच पाहू. तिच्यातून येणाऱ्या संदेशाला कॉम्पोझिट व्हिडिओ म्हणतात. एका तारेतून चित्र कसं जात असेल, हा प्रश्न मला लहानपणी फार छळायचा. उत्तर असं की चित्र अख्खं जातच नाही, ते ओळीओळीनं जातं. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडं एक ओळ काढतो, परत फिरतो, खालची ओळ काढतो. शेतात तास धरून पेरणी करावी तसं हे काम चालतं. तारेतला विजेचा दाब वाढला की ओळीवरची ती जागा उजळ होते, कमी झाला की काळी. ओळ संपली की दाब क्षणभर काळ्याच्याही खाली जातो. ती खूण दिसली की टीव्ही समजतो, नवी ओळ धर. पान संपलं की तशीच लांब खूण येते आणि झोत पुन्हा वर जातो. हा सगळा खेळ जेमतेम एका व्होल्टात होतो.

रंग यात नंतर आले. अमेरिकेत डिसेंबर 1953 मध्ये रंगीत टीव्हीची एनटीएससी पद्धत मंजूर झाली, तेव्हा लाखो घरांत कृष्णधवल टीव्ही होते आणि ते बाद करून चालणार नव्हतं. म्हणून अभियंत्यांनी उजेडाच्या संदेशावरच एक फार जलद तरंग चढवला, सेकंदाला सुमारे 35 लाख 80 हजार हेलकावे घेणारा, आणि रंगाची सगळी माहिती त्याच्या चालीत भरली. कृष्णधवल टीव्हीला त्याचा अर्थ लागत नव्हता, त्यामुळं त्याचं चित्र शाबूत राहिलं. जुन्या टीव्हीवाल्या घरांचा इतका विचार करून केलेली ही रचना मला आजही मोठी वाटते. तिच्यात एक दोष होता. वाटेत तरंग थोडा मागंपुढं सरकला की माणसांचे चेहरे हिरवे-जांभळे दिसायचे. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीतल्या वॉल्टर ब्रुख यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर तोड काढली. रंगाच्या तरंगाचा एक भाग एकाआड एक ओळीत उलटा पाठवायचा, म्हणजे एका ओळीत झालेली चूक पुढच्या ओळीत उलट्या दिशेनं होते आणि दोन्ही मिळून फिटते. ही पाल पद्धत. तिचा रंगाचा तरंग सेकंदाला सुमारे 44 लाख 33 हजार हेलकावे घेतो.

आपल्याकडं 1959 मध्ये दिल्लीत आणि 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबईत दूरदर्शन सुरू झालं, 1982 मध्ये रंग आले, आणि आपण पाल घेतली. 625 ओळी, सेकंदाला 25 चित्रं, प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, म्हणजे सेकंदाला 50 अर्धी चित्रं. अमेरिका आणि जपानमध्ये ओळी 525 आणि अर्धी चित्रं जवळजवळ 60. ही पन्नास-साठची वाटणी तिथल्या विजेवरून पडली. आपली वीज 50 हर्ट्‌झची, अमेरिकेची 60. सुरुवातीच्या टीव्हीत चित्राचा वेग विजेच्या ठेक्याशी जुळवून घेतला होता, म्हणजे विजेच्या खरखरीची पट्टी पडद्यावर सरकत राहत नसे. जपानात पूर्वेला 50 आणि पश्चिमेला 60 अशी दोन्ही प्रकारची वीज आहे, पण टीव्ही त्यांनी अमेरिकेच्या वळणाचा घेतला.

आता माझ्या गेमकडं येऊ. त्याचा मूळ पुरुष म्हणजे निन्टेन्डोचा फॅमिकॉम, जो 15 जुलै 1983 ला जपानात विक्रीला आला. भारतात तो 'सामुराई' नावानं आला आणि त्याच्या नकला तर किती नावांनी आल्या याला गणती नाही. देवणी-उदगीरकडच्या पोरांनी मारिओ आणि कॉन्ट्रा पाहिले ते या नकलांवरच. इथल्या बऱ्याच नकला पालसाठी बनवलेल्या असत, पण कुणाचे मामा-काका आखातातून किंवा सिंगापूरहून गेम घेऊन आले की गोंधळ सुरू व्हायचा. त्या गोंधळाची लक्षणं ध्यानात ठेवण्यासारखी आहेत, कारण ती आजही तशीच दिसतात.

चित्र नीट येतं, पण कृष्णधवल. याचा अर्थ ओळींचा हिशोब जुळला, रंगाचा तरंग जुळला नाही. गेम 35 लाखांचा तरंग पाठवतोय आणि टीव्ही 44 लाखांची वाट पाहतोय. नंतरच्या डबा टीव्हींमध्ये मेनूत 'कलर सिस्टिम' असतं. तिथं पालऐवजी ऑटो किंवा एनटीएससी केलं की रंग येतात. चित्र सारखं वरून खाली गुंडाळत असेल तर पन्नास-साठचं बिनसलंय. जुन्या टीव्हीच्या मागं उभ्या पकडीचा, म्हणजे व्हर्टिकल होल्डचा खुंटा असायचा, तो फिरवून काही टीव्ही साठवरही थांबत. चित्र थांबतं, रंगही बरे दिसतात, पण मारिओ आळसावल्यासारखा पळतो आणि गाणंही संथ वाजतं, तेव्हा समजावं की 60 च्या ठेक्यावर रचलेला खेळ 50 च्या ठेक्यावर चाललाय. एका मिनिटाच्या खेळाला मग 72 सेकंद लागतात.

आणि एक लक्षण असं, ज्यानं त्या काळी आमचं डोकं फिरवलं होतं. ज्या टीव्हीला पिवळी खाचच नव्हती, त्यांना गेम अँटेनाच्या खाचेतून जोडावा लागायचा. गेमच्या आत एक लहानसं प्रसारण केंद्रच असतं म्हणा. ते चित्र आणि आवाज एखाद्या चॅनेलच्या रूपात पाठवतं आणि टीव्हीवर ते चॅनेल शोधून काढायचं. शेजारच्या वाड्यात आणलेला परदेशी गेम असा जोडला, चित्र छान आलं, पण आवाजाच्या जागी नुसती सरसर. "चित्र यायलंय, आवाज का बरं येईना?" म्हणून आम्ही स्पीकर खोलायला निघालो होतो. कारण स्पीकरमध्ये नव्हतंच. आपल्या पद्धतीत आवाज चित्रापासून 5.5 मेगाहर्ट्‌झ अंतरावर पाठवतात, अमेरिका-जपानच्या पद्धतीत 4.5 वर. टीव्ही आवाजाला भलत्याच दारावर शोधत होता. असा गेम पिवळ्या-पांढऱ्या पिनांनी जोडला की आवाज आपल्या वेगळ्या तारेतून येतो आणि ही भानगड मिटते. उलट, गेमला फक्त पिना आणि टीव्हीला फक्त अँटेना, असं असेल तर मध्ये आरएफ मॉड्युलेटर नावाची डबी लावतात. ती पिनांमधला संदेश घेऊन चॅनेल बनवते. मात्र ती पालची, 5.5 ची आहे ना हे पाहूनच घ्यावी.

पिनांच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. पिवळी, पांढरी, लाल, हिरवी, निळी, या सगळ्यांचा आकार एकच. कोणतीही कुठंही बसते. देवणी गाईची चांगली ओळख असलेला शेतकरी लांबून रंग बघून सांगतो की ही वानेरा, ही बालंक्या, ही शेवरा. अंगकाठी एकच, नाव ठरतं ते रंगावरून. पिनांकडंही तसंच पाहायला हवं. पांढरी आणि लाल आवाजाची, डावा आणि उजवा. पिवळी कॉम्पोझिटची. हिरवी-निळी-लाल असं दुसरं त्रिकूट दिसलं तर तो कॉम्पोनंट व्हिडिओ. त्यात हिरव्या तारेतून उजेड आणि ओळींच्या खुणा, बाकी दोन तारांतून रंग, असं चित्र फोडून पाठवतात, त्यामुळं ते फार स्वच्छ दिसतं. इथं दोन लाल खाचा होतात, एक आवाजाची आणि एक चित्राची, आणि लोक तिथंच चुकतात. पिवळी पिन हिरव्या खाचेत घातली आणि टीव्ही कॉम्पोनंटवर असला की पुन्हा कृष्णधवल चित्र येतं, वर बारीक ठिपक्यांची जाळी. कारण टीव्ही त्या तारेतला उजेड वाचतो आणि रंगाचा तरंग त्याला नक्षी वाटतो. काही एलईडीवर अर्धी हिरवी, अर्धी पिवळी अशी एकच खाच असते. तिथं पिवळी पिन बेलाशक लावावी आणि सोर्समध्ये एव्ही निवडावं.

आमच्या एलईडीला तेही नव्हतं, पण ते बारीक भोक होतं. त्याच्याजवळ 'एव्ही इन' लिहिलेलं असलं तर ते हेडफोनचं नसतं. एका टोकाला चार पट्ट्यांची बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला पिवळी-पांढरी-लाल खाचा, अशी आखूड वायर टीव्हीसोबत खोक्यात येते. बहुतेक घरांत ती खोक्यासकट हरवते. बाजारातून तशी दिसणारी वायर आणावी तर चार पट्ट्यांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. नुसता चित्र-आवाजाचा क्रम बदललेला असेल तर पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या खाचेत लावून चित्र मिळतं. जमिनीची, म्हणजे अर्थची पट्टी बदललेली असेल तर तारा कितीही अदलाबदल करा, घूं असा आवाजच मिळेल. मग त्या टीव्हीचीच वायर शोधावी.

आमच्या भोकावर नुसतं हेडफोनचं चित्र होतं, म्हणून उदगीरहून कन्व्हर्टर आणला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा. एका बाजूला तीन रंगांच्या खाचा, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय. हा डबा दोन जातींचा मिळतो आणि दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे. एक एव्हीचं एचडीएमआय करतो, दुसरा एचडीएमआयचं एव्ही. दिशा उलटी झाली की काहीच दिसत नाही, आणि लोक डबा खराब निघाला म्हणून परत करतात. दुकानात उभं राहूनच 'इनपुट' कुठल्या बाजूला लिहिलंय ते वाचावं.

एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला थेट तीन पिना असलेली नुसती वायरही स्वस्तात विकायला असते. ती घेऊ नये. 2002 च्या शेवटी आलेली एचडीएमआय 19 तारांमधून आकडे पाठवते. कोणता ठिपका किती लाल, किती हिरवा, किती निळा, सगळं शून्य-एकात. पिवळ्या तारेत मात्र सतत वरखाली होणारा दाब असतो. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायला मध्ये चिप लागते आणि चिपला वीज लागते. म्हणून खऱ्या कन्व्हर्टरला यूएसबीसारखी 5 व्होल्टची वेगळी वायर असते. ती लावल्याशिवाय तो मुका राहतो. आम्ही ती टीव्हीच्या यूएसबीतच घातली, रिमोटवर सोर्स दाबून एचडीएमआय 2 केलं, आणि मारिओ आला.

आला, पण फुगलेला आणि जरा धूसर. हे समजून घेण्यासारखं आहे. फॅमिकॉमचं चित्र 256 गुणिले 240 ठिपक्यांचं, म्हणजे एकूण 61,440. फुल एचडी टीव्हीवर 20,73,600 ठिपके असतात. एकेका ठिपक्याचं काम तेहतीस-चौतीस ठिपक्यांनी करायचं, तेव्हा कडा विरघळणारच. वर कॉम्पोझिटमध्ये उजेड आणि रंग एकाच तारेत कालवलेले. ते पुन्हा वेगळे करताना थोडी गल्लत होते आणि रंगीत कडांवरून मुंग्या चालल्यासारखे ठिपके सरकतात. कोणत्याही महागड्या वायरीनं ते जात नाहीत. फुगण्याचा मात्र इलाज आहे. जुनं चित्र 4:3 चं, नवा पडदा 16:9 चा. टीव्हीच्या मेनूत चित्राचं माप 4:3 केलं की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि मारिओ पुन्हा सडपातळ होतो.

पुतण्याची खरी तक्रार वेगळी होती. "काका, बटण आधी दाबलं तरी पडायलाच लागलंय." त्याचं बरोबर होतं. डबा टीव्ही संदेश आला की आला तसा रंगवत जातो. एलईडी आधी चित्र साठवतो, दोन अर्ध्या चित्रांचं एक करतो, ताणतो, घासून-पुसून मग दाखवतो. त्यात सेकंदाचा दहावा भाग गेला, तर 50 च्या गेमची पाच चित्रं पुढं निघून गेलेली असतात, आणि खड्ड्यावरून उडी मारायला तेवढा वेळ फार होतो. टीव्हीत 'गेम मोड' असतो, तो चालू केला की ही घासपूस बरीच कमी होते. आम्ही तो केला आणि पोराच्या उड्या जमू लागल्या.

पेटीत प्लॅस्टिकची बंदूकही होती, 1984 च्या डक हंटमधल्यासारखी. ती एलईडीवर चालत नाही, आणि कोणताही कन्व्हर्टर तिला चालवू शकत नाही. बंदूक काही सोडत नसते, ती बघत असते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या डोळ्याला ठरलेल्या क्षणी तो उजेड दिसला तर नेम लागला. डबा टीव्हीचा झोत तो चौकोन वेळेवर काढतो. एलईडीवर तो उशिरा येतो, तोवर बंदुकीनं डोळा मिटलेला असतो. त्या बंदुकीसाठी आईचा टीव्ही जपून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

भाच्याचं काम उलट्या दिशेचं होतं, म्हणून उलटा डबा, एचडीएमआयचं एव्ही करणारा. त्यावर पाल-एनटीएससीची बारीक कळ असते, ती पालवर ठेवली. फ्री डिशचा बॉक्स आणि हा डबा दोन्ही एकाच पिवळ्या खाचेवर हक्क सांगणार, तर दोघांमध्ये एव्हीची स्विच पेटी बसवली. बटण दाबलं की मालिका, दुसरं दाबलं की गेम. तरीही चित्र येईना. प्लेस्टेशन 4 आपलं चित्र एचडीसीपी नावाच्या कुलपात पाठवतो. टीव्हीनं किल्ली दाखवली तरच ते उघडतं, आणि स्वस्त डब्याकडं ती असेलच असं नाही. एकदा एलईडीला जोडून सेटिंगमध्ये सिस्टिमखाली एचडीसीपी बंद केलं आणि डबा टीव्हीवर चित्र उमटलं. त्यानंतर सिनेमांची ॲप चालत नाहीत, खेळ चालतात. एका टीव्हीवरून दुसऱ्यावर नेल्यावर पडदा काळाच राहिला, तर बंद असलेल्या प्लेस्टेशनचं पॉवर बटण दुसरी 'बीप' येईपर्यंत, साधारण 7 सेकंद, धरून ठेवायचं. सेफ मोड उघडतो आणि तिथून रिझोल्यूशन खाली आणता येतं. एवढं करूनही मेनूतली बारीक अक्षरं डबा टीव्हीवर वाचता आली नाहीत. ती मोठ्या पडद्यासाठीच लिहिलेली आहेत. क्रिकेटचा चेंडू मात्र दिसत होता, आणि भाच्याला तेवढं पुरलं.

दोन गोष्टी मी मुलांना दम देऊन सांगितल्या. परदेशातून आलेल्या गेमचा अडॅप्टर आधी वाचायचा. 'इनपुट 100-240' असेल तरच आपल्या 230 व्होल्टला लावायचा. नुसतं 100 किंवा 120 असेल तर पहिल्याच झटक्यात धूर निघतो. आणि पिवळी खाच नाही म्हणून डबा टीव्हीची पाठ उघडून आत तारा जोडायच्या नाहीत. रंगीत पिक्चर ट्यूबला 20,000 व्होल्टच्या वर दाब लागतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ आत साठून राहू शकतो. माहीतगार मेकॅनिकसुद्धा तिथं आधी तो उतरवून घेतो.

परतायच्या आदल्या रात्री पुतण्यानं पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे कापले आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला एकेक गुंडाळला. निळ्या पेनानं त्यावर लिहिलं: 'मारिओ, एचडीएमआय 2, 4:3, गेम मोड'. आईच्या टीव्हीमागच्या स्विच पेटीवर तिनं त्याच्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: '1 मालिका. 2 पोरं.'